गॅटविकचा ड्रोन: १२९ नोंदी आणि डोळ्यांची मर्यादा

१९ डिसेंबर २०१८. लंडनच्या दक्षिणेकडच्या गॅटविक विमानतळावर रात्री नऊच्या सुमारास एका सुरक्षा कर्मचाऱ्याने ड्रोन दिसल्याचं कळवलं आणि धावपट्टी लगोलग बंद झाली. पहाटे तीनला ती उघडली, पण पाऊण तासात पुन्हा बंद करावी लागली. ऐन नाताळच्या तोंडावर सुमारे एक हजार उड्डाणं कोलमडली आणि १ लाख ४० हजार प्रवासी खोळंबले. लष्कराला पाचारण करावं लागलं. वाहतूक पुन्हा सुरू झाली ती २१ तारखेच्या सकाळी.

पुढे नऊ महिने तपास चालला. ससेक्स पोलिसांनी ड्रोन दिसल्याच्या १२९ वेगवेगळ्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी १०९ विश्वासार्ह साक्षीदारांच्या मानल्या गेल्या, कारण पाहणाऱ्यांत वैमानिक होते, विमानतळाचे कर्मचारी होते, खुद्द पोलीसही होते. पण ड्रोन सापडला नाही, उडवणारा सापडला नाही आणि लोकांसमोर ठेवता येईल असा एकही खात्रीचा फोटो पुढे आला नाही. २३ डिसेंबरलाच तपासावरचे एक वरिष्ठ अधिकारी बोलून गेले होते की, मुळात ड्रोन नसण्याचीही शक्यता आहे. पोलिसांनी नंतर ते विधान मागे घेतलं, पण लोकांच्या तर्कवितर्कांना ऊत आला तो आलाच. कोणी म्हणे परक्या देशाचा हात, कोणी म्हणे पर्यावरणवादी, कोणी म्हणे सगळीच अफवा.

माझ्या मते इतक्या नोंदी म्हणजे ड्रोन असणारच, हा युक्तिवाद टिकत नाही. तसंच फोटो नाही म्हणजे ड्रोन नव्हताच, हाही टिकत नाही. दोन्हीकडे आपण माणसाच्या डोळ्याला आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला नसलेली ताकद बहाल करतो.

साधा हिशेब करून पाहू. एक अंश म्हणजे ६० कला. निरोगी डोळ्याला साधारण एक कलेचा तपशील ओळखता येतो, त्याहून बारीक असेल ते सगळं ठिपका होऊन जातं. ३० सेंटिमीटर रुंदीचा ड्रोन एक किलोमीटरवरून पाहिला तर तो डोळ्याशी जेमतेम एक कलेचा कोन करतो. म्हणजे त्याचे पंखे, पाय, आकार यांतलं काहीच कळणार नाही. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा सुमारे ७० अंशांचं दृश्य चार हजार ठिपक्यांत (पिक्सेलमध्ये) बसवतो. त्यामुळे त्या फोटोत हा ड्रोन एका ठिपक्याएवढा येईल, रात्री तर तेवढाही नाही. हजारो फोन हाताशी असूनही फोटो न मिळणं तितकंसं आश्चर्याचं नाही, ते यामुळे.

रात्री मामला आणखी बिकट होतो. अंधारात नुसता दिवा दिसला की तो जवळचा बारका आहे की दूरचा मोठा, हे ठरवायला काहीच आधार उरत नाही. शेजारी झाड नाही, इमारत नाही, आणि इतक्या अंतरावर दोन डोळ्यांमुळे मिळणारा खोलीचा अंदाजही निकामी ठरतो. वर आणखी एक गोष्ट घडते: काळोखातल्या स्थिर ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की तो हलताना दिसतो. १९३५ साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने याच भासावर प्रयोग केले. अंधाऱ्या खोलीत एक स्थिर ठिपका दाखवून तो किती सरकला, असं त्याने लोकांना विचारलं. एकेकट्याने दिलेली उत्तरं वेगवेगळी होती. तीच माणसं एकत्र बसवल्यावर उत्तरं एकमेकांच्या जवळ येत गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं, पण प्रत्येकाचं पाहणं इतरांच्या सांगण्याने घडत होतं.

गॅटविकवर नेमकी अशीच स्थिती होती. पहिली नोंद आल्यावर शेकडो माणसं आकाशाकडे डोळे लावून बसली आणि त्यांना काय शोधायचं हे आधीच ठाऊक होतं. नवी नोंद आली की धावपट्टी बंद, आणि धावपट्टी बंद म्हणजे धोका खरा. त्यात शोधासाठी पोलिसांनी स्वतःचे ड्रोनही उडवले. काही नोंदी त्याच ड्रोनच्या असू शकतील, हे पोलीसप्रमुखांनीच मान्य केलं. म्हणून १२९ नोंदी म्हणजे १२९ स्वतंत्र पुरावे नव्हेत.

असाच प्रकार २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेत घडला. न्यू जर्सीत ड्रोनचं काहूर माजलं असताना मेरिलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी घरावर डझनावारी ड्रोन दिसल्याचं सांगून व्हिडिओ टाकला. त्यातले दिवे मृग नक्षत्राचे तारे निघाले.

तरीही पहिल्या रात्री धावपट्टी बंद केली हे योग्यच होतं. पक्षी आणि ड्रोन समान वजनाचे असले तरी ड्रोनची मोटर आणि बॅटरी टणक असल्याने विमानाची हानी जास्त होते, हे अमेरिकेतल्या संशोधनाने २०१७ साली दाखवून दिलं होतं. खरी उणीव होती ती नोंद घेणाऱ्या यंत्रांची. विमानतळाचं नेहमीचं रडार लहान, संथ वस्तू मुद्दाम गाळतं, नाहीतर पडदा पक्ष्यांनीच भरून जाईल. ड्रोनसाठीचं रडार फिरत्या पंख्यांमुळे परतलेल्या लहरींत पडणारा बारीक फरक टिपतं आणि पक्षी वेगळा काढतं. जोडीला रिमोटचे रेडिओ संदेश ऐकणारी यंत्रं लागतात, पण आधीच मार्ग आखून सोडलेला ड्रोन गप्पही राहू शकतो. म्हणून एका यंत्रावर भिस्त ठेवून चालत नाही.

पुराव्याआधी निष्कर्ष काढला की काय होतं, हे विमानतळाजवळच्या एका जोडप्याने भोगलं. पोलिसांनी त्यांना पकडलं, घराची झडती घेतली, वर्तमानपत्रांनी नावं आणि फोटो छापले. दोघांचा काहीही संबंध नव्हता. २०२० साली पोलिसांनी माफी मागितली आणि भरपाई व वकिलांचा खर्च मिळून सुमारे दोन लाख पौंड दिले. पण देशभर छापला गेलेला चेहरा भरपाईने पुसला जात नाही, आणि मला या प्रकरणात सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

२०२४च्या पावसाळ्यात बीड, जालना, पुणे जिल्ह्यांतल्या कित्येक गावांनी ड्रोनच्या चर्चेने रात्री जागून काढल्या, तेव्हा चोरांची टेहळणी म्हणून संशय फिरू लागला होता. अशा वेळी एक सोपी तपासणी गावपातळीवरही करता येते. दिवा घराच्या कोपऱ्याशी किंवा विजेच्या खांबाशी जुळवून धरायचा, स्वतः भिंतीला टेकून न हलता पाहायचं, म्हणजे तो खरंच सरकतोय की भास आहे ते कळतं. घड्याळातली वेळ आणि दिशा लिहून ठेवायची. त्याच मिनिटाला दोन-तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातून कोणी दिशा घेतली असेल तर दोन्ही रेषा नकाशावर काढायच्या. त्या छेदल्या तर दिवा त्या ठिकाणच्या आकाशात होता. समांतर राहिल्या तर तो फार दूरचा आहे, बहुधा ग्रह किंवा तारा.