उरलेलं जेवण आणि १०९८

'लग्न-मुंजीत जेवण उरलं तर १०९८ वर फोन करा, गरीब मुलांसाठी माणसं येऊन घेऊन जातील' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. हेतू चांगला आहे, पण माहिती चुकीची.

१०९८ हा संकटातल्या मुलांसाठीचा चोवीस तासांचा मोफत क्रमांक आहे: हरवलेलं मूल, मारहाण, बालविवाह, कामाला जुंपलेलं पोर. अन्न गोळा करणं हे त्यांचं कामच नाही. खात्रीसाठी तिथे फोन लावू नका, तेवढा वेळ लाइन अडते. महिला व बालविकास खात्याच्या संकेतस्थळावर या सेवेची कामं वाचा. त्यात जेवण नेणं सापडणार नाही.

जेवण द्यायचंच असेल तर जवळच्या बालगृहाला किंवा वस्तीतल्या कार्यकर्त्यांना आदल्या दिवशीच विचारा. काही ठिकाणी बाहेरचं शिजवलेलं चालत नाही. पंगतीत न वाढलेलंच, झाकलेल्या पातेल्यातलं द्या. शिजलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. घोळ इथेच होतो: पंगती चारला उठतात, आठवण रात्री नऊला येते. तोवर भात आणि बासुंदी बिघडलेली असू शकते, वास न येताही. त्यापेक्षा न फोडलेली तांदूळ-डाळीची पोती द्यावीत.