सुंदियाताच्या महाकाव्यातल्या आया, सवती, बहिणी

पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्याचा संस्थापक सुंदियाता याचं महाकाव्य मांदे लोकांचे भाट, म्हणजे जेली, कित्येक पिढ्या सांगत आले आहेत. सुमारे १२३५ साली किरिनाच्या लढाईत त्यानं सोसोचा राजा सुमाओरो याला हरवलं. पण गोष्ट सुरू होते एका बहिणीच्या वाट्यापासून. दो देशाच्या राजानं आपल्या बहिणीला वारशातला हिस्सा नाकारला. तिनं रानम्हशीचं रूप घेऊन त्याचा मुलूख उद्ध्वस्त केला. म्हातारीच्या वेशात असताना ज्या शिकाऱ्यानं तिला खाऊ घातलं, त्यालाच तिनं आपल्या मरणाचं गुपित सांगितलं. अट एवढीच की बक्षीस म्हणून त्यानं कुबडी, कुरूप सोगोलोन मागायची. म्हशीचं बळ आता सोगोलोनमध्ये होतं. हीच सुंदियाताची आई.

सोगोलोन सुंदियाताच्या बापाकडे, म्हणजे मांदेच्या राजाकडे, आली तेव्हा पट्टराणी सासुमा तिथं होतीच. सुंदियाता सात वर्षांचा झाला तरी चालेना. एकदा सोगोलोननं सवतीकडे बाओबाबचा थोडा पाला मागितला. रोजच्या कालवणात घालतात तो हा पाला. माझा मुलगा सातव्या वर्षीच पाला आणून द्यायचा, असं सुनावून सासुमानं तिची खिल्ली उडवली. त्या दिवशी सुंदियाता लोखंडी कांबीच्या आधारानं उभा राहिला आणि अख्खं झाडच उपटून त्यानं आईच्या दारात आणून टाकलं. साम्राज्याच्या महाकाव्यातला हा कळीचा प्रसंग स्वयंपाकघरातून येतो, हे मला फार खरं वाटतं.

यामागे बहुपत्नीक घराची रचना आहे. एका आईची लेकरं एकमेकांना धरून असतात, याला ‘बादेन्या’ म्हणतात; एकाच बापाच्या पण वेगळ्या आयांच्या मुलांमधली चुरस म्हणजे ‘फादेन्या’. सासुमा आपल्याला कैकेयीसारखी वाटेल. मात्र कौसल्या अयोध्येतच राहते, तर सोगोलोन स्वतः मुलांना घेऊन परागंदा होते आणि परतीच्या तोंडावर मेमा इथं मरते.

सुमाओरोचं मर्म कळतं तेही बाईमुळंच. गिनीतल्या मामादू कुयाते या जेलीनं सांगितलेल्या, १९६० साली फ्रेंचमध्ये छापलेल्या कथेत ही बाई सासुमाचीच मुलगी नाना त्रिबान आहे. भावानं तिला सुमाओरोच्या पदरी घातलेलं असतं. तिथून गुपित घेऊन ती पळते आणि आईच्या सवतीच्या मुलाला, सुंदियाताला, येऊन मिळते. इतर अनेक पाठांत हे काम त्याची सख्खी बहीण करते.

इतिहासात यातलं किती सापडतं? चौदाव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न खल्दून याच्या लिखाणात सोगोलोन नाही. मात्र सुंदियाताच्या वंशात गादी एकदा त्याच्या मुलीच्या मुलाकडे गेली, असं तो नोंदवतो.

हे महाकाव्य सांगण्याचं काम बहुतेक पुरुष जेलींकडे असतं. स्तुतिगीतं गाण्यात जेली समाजातल्या बायकांचा, जेलीमुसोंचा, मान मोठा.