फळी जागेवर का राहत नाही: छोट्या यॉटच्या केबिन-दाराची पार्श्वभूमी

छोट्या यॉटच्या केबिन-दाराला आज ज्या कड्या आणि दोऱ्या दिसतात, त्यांचे मूळ बहुतांशी ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत आहे, म्हणजे इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतायच्या यॉट-शर्यतीत. त्याआधीच्या लाकडी बोटींना उंच उंबरठा आणि अरुंद दार असे. फायबरग्लासच्या बोटी साच्यातून निघू लागल्यावर चढउतार सोपी व्हावी म्हणून उंबरठा बुटका झाला, काही बोटींत दार थेट कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेच्या, तळापर्यंत पोचले. दाराच्या जागी खाचांत वरून बसवायच्या दोन-तीन फळ्या आल्या. त्यांना धरून ठेवायला होती ती फक्त वरची सरकती हॅच, म्हणजे दारावरचे झाकण.

फास्टनेटला ३०३ बोटी निघाल्या, ८५ नी शर्यत पुरी केली आणि १५ स्पर्धक दगावले. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या. त्यांतल्या ५ बुडाल्या, उरलेल्या नंतर तरंगताना सापडल्या. वादळात बऱ्याच बोटी आडव्या झाल्या, काही पूर्ण उलटल्या. उलटताना हॅच उघडी असेल तर फळ्या स्वतःच्या वजनानेच निसटतात, आणि मग समुद्र थेट केबिनमध्ये. चौकशी अहवालानंतर शर्यतींच्या नियमांत एक अट पक्की झाली: हॅच उघडी असो वा बंद, फळी जागेवर राहिली पाहिजे, आणि कडी आतून-बाहेरून दोन्हीकडून चालली पाहिजे.

अट साधी, पण बोट बांधणाऱ्यांनी तिचा अर्धाच भाग मनावर घेतला. खरा वाद फळीच्या आकाराचा आहे. निमुळती, म्हणजे खाली अरुंद होत जाणारी फळी पटकन बसते, पटकन निघते, म्हणून विकायला सोपी. हिशोब मात्र तिच्या विरुद्ध जातो. समजा खाली जाताना दर १०० मिमी उंचीला प्रत्येक बाजू १० मिमी आत येते आणि खाच १५ मिमी खोल आहे. फळी १५० मिमी वर गेली की दोन्ही कडा मोकळ्या. ती एका बाजूला रेटली गेली तर ७५ मिमीतच दुसरी कड सुटते. समांतर कडांची फळी खाचेच्या वरच्या टोकापर्यंत सरकल्याशिवाय बाहेर पडत नाही. तिच्याविरुद्धचा आक्षेपही खोटा नाही: कडा नीट सील केल्या नाहीत तर प्लायवूड ओल धरून फुगते आणि फळी ऐन वेळी अडकते. पण त्यावर उपाय आहे, कडांना इपॉक्सीचे (पाणी अडवणाऱ्या राळेचे) तीन हात आणि रुंदीत एकूण ३ मिमी मोकळीक. निमुळत्या फळीवर कडीखेरीज उपाय नाही, आणि बोटीसोबत ती कडी सहसा येतच नाही.

कडी कुठे लावायची यातही गफलत होते. फक्त आतली कडी लावली तर कॉकपिटमधला माणूस बाहेरच अडकतो. फक्त बाहेरची लावली तर आतला. कुलपाचा कोयंडा चोरासाठी आहे, लाटेसाठी नाही; माणूस बोटीवर असताना कुलूप काढून आत ठेवावे, नाहीतर कोयंडा आपटून बसतो आणि आतल्याला उघडता येत नाही. त्यातल्या त्यात सरळ जुगाड म्हणजे फळीतून आरपार जाणारी १० मिमी स्टेनलेस दांडी, दोन्ही टोकांना मूठ, मध्ये ओ-रिंग (पाणी अडवणारे रबरी कडे), आणि आतल्या बाजूला चौकटीमागे अडकणारी पट्टी. अशी एक प्रत्येक फळीला हवी. नुसती वरची धरली तर तिच्या फटीतून खालच्या खिळखिळ्या होतात. पट्टी जिथे अडकते तिथे स्क्रू पुरत नाहीत, आरपार बोल्ट आणि मागे वॉशर लागतात. शिवाय प्रत्येक फळीला ४-५ मिमीची दोरी, तिचे दुसरे टोक केबिनच्या आत पक्के. निघालेली फळी पाण्यात गेली तर दुसरी मिळत नाही.

अलीकडे अनेक जण १० ते १२ मिमी अ‍ॅक्रिलिकची एकसंध फळी बसवतात. उजेड येतो, सांधे राहत नाहीत, पण ती अर्धी लावून सोय नाही: खराब हवेत खालचा भाग बंद ठेवून वरून ये-जा करायची पद्धतच मोडते. भोके बोल्टपेक्षा १-२ मिमी मोठी पाडावी लागतात, कारण अ‍ॅक्रिलिक उन्हात फुगते आणि घट्ट आवळलेल्या बोल्टभोवती तडा पहिल्यांदा तिथूनच सुरू होतो.