सामाजिक विकास व आंतरक्रिया यांचे सिद्धांत (बडोद्याच्या संदर्भात)

समाज एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत कसा जातो आणि त्यातील माणसे रोजच्या व्यवहारात एकमेकांशी कशी वागतात, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या समाजशास्त्रीय उपपत्तींना उद्देशून हे शीर्षक योजले आहे. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे बडोद्याच्या मराठी भाषक समाजाची आहेत. गायकवाडांच्या काळात राज्यकर्त्यांची भाषा बोलणारा हा समाज १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर आणि १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावर भाषिक अल्पसंख्य ठरला. साहजिकच दोन्ही प्रश्न येथे एकाच ठिकाणी तपासता येतात.

एकोणिसाव्या शतकातील बहुतेक उपपत्ती उत्क्रांतिवादी होत्या. ऑग्यूस्त काँत याने मानवी विचाराच्या धर्मशास्त्रीय, तत्त्वमीमांसात्मक व वैज्ञानिक अशा तीन अवस्था कल्पिल्या, तर हर्बर्ट स्पेन्सरने लष्करी समाजाकडून औद्योगिक समाजाकडे होणारी वाटचाल मांडली. कार्ल मार्क्सने परिवर्तनाचे मूळ उत्पादनसाधनांच्या मालकीत व वर्गसंघर्षात पाहिले. एमिल द्यूरकेमच्या १८९३ मधील विवेचनानुसार, सारखेपणावर उभी असलेली यांत्रिक एकता श्रमविभाजन वाढताच मागे पडते आणि परस्परावलंबनावर आधारलेली सेंद्रिय एकता तिची जागा घेते. समाजाची ही एकता कोणत्या प्रकारची आहे, हे त्याच्या कायद्यावरून ओळखता येते, असेही त्याचे म्हणणे होते.

बडोदे संस्थानाचा इतिहास या शेवटच्या विधानाला चांगलाच अडचणीत आणतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून १८७५ साली दत्तक आलेल्या आणि १८८१ मध्ये पूर्ण अधिकार हाती घेतलेल्या तिसऱ्या सयाजीरावांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा १९०४ साली झाला आणि १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारण्यास प्रारंभ झाला. यातील कोणत्याही सुधारणेसाठी समाज ‘तयार’ होण्याची वाट पाहिली गेली नाही. कायदा पुढे आणि लोकव्यवहार मागे, असा हा उलटा क्रम होता. बालविवाह कायद्याने लगेच थांबले नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. या अनुभवाचा अर्थ लावण्यास मॅक्स वेबरची अधिसत्तेची मीमांसा अधिक उपयोगी पडते, मात्र तीही जशीच्या तशी नाही. वेबरने पारंपरिक (रूढीवर व वारशावर टिकलेली) व विधिनिष्ठ (लिखित नियमांवर चालणारी) अधिसत्ता वेगळ्या मानल्या; बडोद्यात वारशाने चालत आलेल्या गादीनेच नियमबद्ध नोकरशाही घडवली.

दुसऱ्या प्रश्नाचा विचार मुख्यतः विसाव्या शतकात झाला. जॉर्ज हर्बर्ट मीडच्या मते माणसाचे ‘स्व’त्व इतरांच्या नजरेतून स्वतःकडे पाहत घडते. या विचारपरंपरेला हर्बर्ट ब्लूमरने १९३७ साली प्रतीकात्मक आंतरक्रियावाद हे नाव दिले. बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेणारी एखादी मराठी गृहिणी गुजरातीत ‘केटलाना किलो, भाई?’ म्हणून पापडीचा भाव विचारते आणि लगेच सोबतच्या जावेला ‘वहिनी, महागच लावतोय’ असे सांगते. ते ऐकून विक्रेता ‘घ्या ताई, ताजी आहे’ असे मराठीत उत्तरला, तर घासाघीस पुढे चालू राहते, पण तिचा सूर पालटतो. गुजराती ‘बेन’ची (बहिणीची) मराठी ‘ताई’ होताना त्या दोघांच्या नात्याची व्याख्या जागच्या जागी बदललेली असते. आंतरक्रियावाद्यांच्या दृष्टीने समाज म्हणजे अशाच व्याख्यांची अखंड देवघेव होय.

ही देवघेव नेहमी समपातळीवर होत नाही. परदेशी शिक्षणासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले. काही दिवसांतच खरी ओळख उघड झाली व लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. डागाळलेली ठरवलेली ओळख लपवण्याचे आणि ती उघड होण्याच्या भीतीखाली जगण्याचे जे विश्लेषण आर्व्हिंग गॉफमनने १९६३ मध्ये केले, त्याच्याशी हा प्रसंग ताडून पाहता येतो. मात्र गॉफमनचा भर समोरासमोरच्या प्रसंगावर आहे. दरबाराने ज्याला अधिकारी नेमले त्याला गावाने खोली का नाकारली, हे समजण्यास जातिसंस्थेचाच विचार करावा लागतो.

तो विचार क्षेत्रीय अभ्यासाच्या आधारे करणारे म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास १९५१ मध्ये ऑक्सफर्ड सोडून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले आणि १९५९ पर्यंत तेथे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. कर्नाटकातील कूर्गमधील अभ्यासावरून त्यांनी १९५२ साली संस्कृतीकरणाची संकल्पना मांडली. कनिष्ठ मानलेली जात वरच्या जातीचे आचार, आहार व विधी उचलते आणि एकदोन पिढ्यांत वरच्या स्थानावर हक्क सांगते, असा तिचा आशय आहे. यात उतरंड कायम राहून फक्त जागा बदलतात, त्यामुळे उतरंडच नाकारणाऱ्या दलित चळवळीचे स्पष्टीकरण या संकल्पनेतून मिळत नाही, हा तिच्यावरील आक्षेप रास्त आहे. अनुकरणाचा नमुना ब्राह्मणांखेरीज क्षत्रिय वा वैश्यही असू शकतो, हे श्रीनिवास यांनी पुढे मान्य केले. बडोद्यात ही दुरुस्ती विशेष लागू पडते, कारण तेथे दरबार मराठ्यांचा, तर सराफी व व्यापार बहुतांशी गुजराती वाण्यांच्या हाती होता आणि प्रतिष्ठेचा एकच मापदंड शहराला कधी नव्हता.