आलेली फिट आणि असलेला फिट : रोनाल्डोच्या दुखण्यांची पार्श्वभूमी

ब्राझीलचा फुटबॉलपटू रोनाल्डो याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘अठ्ठ्याण्णवच्या वर्ल्ड कप फायनलला त्याला फिट आली होती’ आणि ‘गुडघ्याची वाटी सरकली, नाहीतर काय खेळला असता!’ पहिलं खरं आहे पण अर्धवट. दुसऱ्यात वाटीचा काही दोष नाही.

गुडघा तो हॉलंडमध्ये खेळत असतानाच कुरकुरायला लागला होता. तिथल्या दुसऱ्या मोसमात तो बराच काळ बाहेर बसला आणि १९९६ मध्ये, वयाच्या विशीआधीच, उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच मोसमात बार्सिलोनासाठी त्याने ४९ सामन्यांत ४७ गोल केले. मग त्या शस्त्रक्रियेची आठवण कोण ठेवणार?

१२ जुलै १९९८, रविवार, फायनलचा दिवस. पॅरिसजवळच्या हॉटेलात दुपारचं जेवण उरकून तो खोलीत पडला होता, तेव्हा आकडी आली. खोलीतल्या सोबत्याने आरडाओरडा केला, खेळाडू धावले. थोड्या वेळाने तो झोपला. उठल्यावर त्याला काहीच आठवत नव्हतं. सगळे आपल्याकडे असे का बघतायत, हेच त्याला कळेना. शेवटी एका सहकाऱ्याने त्याला हॉटेलच्या बागेत फिरायला नेऊन घडलेलं सांगितलं. तिथून तो रुग्णालयात गेला. तपासण्यांत काही निघालं नाही. इकडे संघाची यादी जाहीर झाली होती आणि त्यात त्याच्या जागी दुसऱ्या आघाडीपटूचं नाव होतं. तो रिपोर्ट घेऊन स्टेडियमवर पोहोचला, ‘मी ठीक आहे, खेळतो’ म्हणाला, आणि दुसरी यादी निघाली. आपल्याकडे रात्री साडेबाराला टीव्हीसमोर बसलेल्यांना यातलं फार थोडं कळलं. ब्राझीलचा संघ सरावाला मैदानात आलाच नाही, एवढं मात्र दिसलं.

मराठीत इथे एक गुंता होतो. फिट येते ती आकडी, आणि फिट असतो तो ठणठणीत माणूस. एकच शब्द दोन्हीकडे वापरल्यामुळे त्या दिवसाचे तीन वेगळे प्रश्न आपण एकातच कोंबतो. आकडी आली होती का? आली होती, पाहणारे अनेक होते. त्याला अपस्मार, म्हणजे वारंवार आकडी येण्याचा आजार, होता का? एकदा आकडी आली म्हणजे अपस्मार झाला असं होत नाही, आणि तपासण्यांतही तसं काही दिसलं नाही. मग तो त्या रात्री खेळण्याजोगा होता का? या प्रश्नाचं उत्तर त्या रिपोर्टमध्ये नव्हतंच. ज्यांच्या घरात कुणाला आकडी येते त्यांना विचारा. आकडी ओसरली तरी माणूस कितीतरी वेळ सुस्त असतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं, डोकं जड राहतं. मेंदूचा आलेख नॉर्मल आला म्हणून त्याच संध्याकाळी आपण त्याला बाजारात एकटं पाठवत नाही. इथे एकवीस वर्षांच्या मुलाला जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात उतरवलं गेलं. पहिल्याच सत्रात तो फ्रान्सच्या गोलरक्षकावर आदळून पडला, तेव्हा त्याच्या सोबत्यांच्या काळजाचं काय झालं असेल! ब्राझील ०-३ हरला.

त्यानंतरची चर्चा प्रायोजकाभोवती फिरली. बूट बनवणाऱ्या कंपनीने त्याला खेळायला भाग पाडलं, हा संशय इतका वाढला की त्या कंपनीचा फुटबॉल संघटनेशी असलेला करार ब्राझीलच्या संसदीय चौकशीत आला आणि रोनाल्डोलाही साक्षीला बोलावलं गेलं. मला कुणी भाग पाडलं नाही, असं त्याने सांगितलं. माझ्या मते हाच मुद्दा जास्त गंभीर आहे. काही तासांपूर्वी बेशुद्ध पडलेल्या खेळाडूच्या ‘हो’वर निर्णय झाला. फायनलच्या दिवशी ‘नाही’ म्हणणारा खेळाडू मिळणं कठीण, म्हणून तर डॉक्टर आणि प्रशिक्षक असतात. त्याला खेळवलं नसतं आणि तपासण्या निर्दोष निघाल्या असत्या तर देशाने माफ केलं नसतं, अशी बाजू तेव्हा मांडली गेली. ती भीती खरी होती, पण तिचा भार त्या मुलावर पडायला नको होता.

आता वाटी. २१ नोव्हेंबर १९९९ रोजी इटलीतल्या इंटर मिलान क्लबकडून लेचेविरुद्ध खेळताना उजव्या गुडघ्यात फाटला तो वाटीखालचा पट्टा, जो वाटीला नडगीच्या हाडाशी बांधून ठेवतो. याला कुणी टेंडन म्हणतं, कुणी लिगामेंट, आणि म्हणून आपल्याकडे ‘लिगामेंट फाटलं’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणाऱ्या नेहमीच्या दुखापतीशी याची गल्लत होते. मांडीच्या स्नायूची सगळी ताकद याच पट्ट्यातून पायात उतरते. पूर्ण वेगात पळताना अचानक पाय बदलून गोलरक्षकाला चकवणाऱ्या खेळाडूचा तर सगळा खेळच त्यावर उभा होता. पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली. पाच महिनेही पूर्ण झाले नव्हते, तोच १२ एप्रिल २००० रोजी रोममध्ये लाझिओविरुद्ध इटालियन चषकाच्या अंतिम लढतीत तो बदली खेळाडू म्हणून उतरला. जेमतेम सात मिनिटं झाली असतील. चेंडूवरून पाय फिरवत तो गोलसमोरच्या चौकटीकडे निघाला, आणि कुणाचा धक्कासुद्धा न लागता गुडघा मुडपला. पट्टा पूर्ण तुटला होता. ते दृश्य मला आजही पुन्हा बघवत नाही.

२०००-०१ चा पूर्ण मोसम गेला. २००२ च्या विश्वचषकासाठी देशभर मागणी होत असलेल्या एका अनुभवी आघाडीपटूला वगळून प्रशिक्षकाने याला नेलं. आठ गोल झाले, त्यातले दोन फायनलमध्ये जर्मनीविरुद्ध. कपाळावरची ती त्रिकोणी बट सगळ्यांना आठवते. पायाच्या दुखण्यावरून लोकांचं लक्ष उडावं म्हणून तसे केस कापले, हे त्याने पुढे सांगितलं. त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. फायनलच्या दुपारी तो झोपलाच नाही. चार वर्षांपूर्वी जेवणानंतर आडवा झाल्यावर जे घडलं ते पुन्हा घडेल, ही धास्ती होती. राखीव गोलरक्षक त्याच्याशी गप्पा मारत जागा राहिला.

पुढे वजन वाढलं आणि टिंगल सुरू झाली. २००६ मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्षांनीही त्याच्या वजनाची चौकशी केली. त्या वर्षीच्या विश्वचषकात त्याने तीन गोल करून स्पर्धेतला सर्वाधिक गोलांचा तेव्हाचा विक्रम मोडला. फेब्रुवारी २००८ मध्ये एसी मिलानकडून खेळताना तोच पट्टा फाटला, या वेळी डाव्या गुडघ्याचा.

१४ फेब्रुवारी २०११ रोजी निवृत्त होताना त्याने सांगितलं की एसी मिलानमध्ये असतानाच थायरॉईड मंद असल्याचं निदान झालं होतं, पण त्यावरची हार्मोनं घेतली तर उत्तेजकाचा ठपका बसला असता म्हणून ती घेतली नाहीत. आपल्याकडे कितीतरी घरांत सकाळी उपाशीपोटी घेतली जाते तीच ही गोळी. आणि बंदी असलेल्या औषधांच्या यादीत ती नाही. मग त्याचा तसा समज कुणी करून दिला? लोक पोटाकडे बोट दाखवत होते त्या वर्षांत त्याच्या आजारावरचा सर्वांत साधा उपाय त्याच्यापर्यंत पोहोचला नाही.