जम्मू-काश्मीरमध्ये जागा घेताना: पात्रता, परवानगी आणि कागदपत्रं

‘श्रीनगरजवळ दोन कनाल, समोर डोंगर, रजिस्ट्री लगेच’ अशी जाहिरात व्हॉट्सॲपवर आली की आधी कनाल म्हणजे किती, हे विचारलं जातं. हिशेब सोपा आहे. एक कनाल म्हणजे आपले बरोबर पाच गुंठे, आठ कनालांचा एकर, आणि मरला म्हणजे पाव गुंठा. खरं विचारायचं राहून जातं ते वेगळंच: जमीन शेतीची आहे का?

५ ऑगस्ट २०१९ ला ३७०चा निर्णय झाला, पण जमिनीचे कायदे बदलले ते २६ ऑक्टोबर २०२० च्या केंद्रीय आदेशाने. त्यात तिथल्या विकास कायद्यातली ‘कायम रहिवासी’ ही अट गेली. त्यामुळे बिगरशेती प्लॉट, घर, दुकान देशातला कुणीही नागरिक घेऊ शकतो. शेतजमिनीचं तसं नाही. जमीन महसूल कायद्याच्या कलम १३३-एचप्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती विकायला, बक्षीस द्यायला किंवा गहाण ठेवायला सरकारची परवानगी लागते. आपल्या कूळकायद्याच्या कलम ६३ सारखंच हे. मात्र ‘माझ्या नावावर साताऱ्यात सातबारा आहे’ हे सांगून उपयोग नाही. तिथल्या व्याख्येत शेतकरी म्हणजे जम्मू-काश्मीरमध्ये स्वतः जमीन कसणारा.

डोमिसाइल दाखला लागतो का, हेही बरेच जण विचारतात. बिगरशेती जागा घ्यायला लागत नाही. तो मुख्यतः तिथल्या सरकारी नोकरीसाठी. १५ वर्षं वास्तव्य, किंवा ७ वर्षं शिक्षण आणि तिथल्याच शाळेतून दहावी-बारावीची परीक्षा, ही त्याची ढोबळ पात्रता. १० वर्षं तिथे सेवा केलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही तो मिळतो, आणि २०२१ पासून डोमिसाइल असलेल्या महिलांच्या पतींनाही. वास्तव्याच्या पुराव्यासाठी रेशनकार्ड, मतदारयादीतली नोंद, वीजबिलं असं काही जोडून तहसीलदाराकडे अर्ज करायचा. मुदत १५ दिवसांची. अपिलातला आदेश पाळला नाही तर अधिकाऱ्याच्या पगारातून ५०,००० रुपये कापायची तरतूद आहे. असा नियम आपल्याकडे कधी येईल, देव जाणे.

आता जागेचे कागद. सातबाऱ्याच्या जागी तिथे जमाबंदी (मालकीची नोंद) आणि गिरदावरी (पीकपाहणी) असते, तलाठ्याच्या जागी पटवारी. विकणाऱ्याकडून फर्द, म्हणजे जमाबंदीचा उतारा, ताजा मागवा. ‘आपकी जमीन आपकी निगरानी’ या सरकारी पोर्टलवर खसरा क्रमांक, म्हणजे आपला सर्व्हे नंबर, टाकून नोंदी बघता येतात, पण जुने कागद उर्दूत असल्याने वाचणारा माणूस सोबत हवाच. गिरदावरीतला ‘किस्म’ हा रकाना बोट ठेवून वाचून घ्या. ‘आबी’ म्हणजे ओलिताखालची भातजमीन, ‘खुश्की’ म्हणजे जिरायत, ‘गैर मुमकिन’ म्हणजे लागवडीलायक नसलेली. ‘आबी’ लिहिलेल्या जमिनीचा प्लॉट म्हणून कुणी भाव सांगत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची बिगरशेतीची परवानगी मागा. ती विकणाऱ्याने आधी आणलेली असावी. ‘नंतर करून देऊ’ यावर पैसे मोजू नका.

काही नोंदी दिसल्या की सरळ उठून यावं. ‘काहचराई’ म्हणजे गायरान. ‘शामलात’ म्हणजे गावाची सामाईक. ‘कस्टोडियन’ म्हणजे फाळणीच्या वेळी पलीकडे गेलेल्यांची, सरकारी ताब्यातली. ‘रोशनी’ कायद्याखाली, म्हणजे सरकारी जमिनीवर ताबा असलेल्यांना, मालकी मिळालेली जमीन तर घेऊच नये: तो २००१ चा कायदाच उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये घटनाबाह्य ठरवला. स्थलांतर करावं लागलेल्या काश्मिरी पंडितांची घरंजमीनही परस्पर घेता येत नाही. नाईलाजाने होणाऱ्या विक्रीला आळा घालण्यासाठी १९९७ चा कायदा आहे, त्याखाली परवानगी लागते.

एवढ्या चाळणीतून किती जण पार पडतात? मार्च २०२२ मध्ये गृहखात्याने लोकसभेत सांगितलेला आकडा ३४ होता, आणि जिल्हे जम्मू, रियासी, उधमपूर, गांदरबल. महाराष्ट्र भवनासाठी बडगामच्या इचगाममध्ये मिळालेले २० कनाल हा सरकार-सरकारमधला व्यवहार, आपल्याला तो रस्ता नाही.

लडाखला २६ ऑक्टोबर २०२० चा आदेश लागू नाही, तेव्हा लेहच्या जाहिरातीला हे नियम लावू नका.

सगळं जुळलं तर नोंदणी कार्यालयात आधार, पॅन, फोटो, फर्द आणि जागेचा नकाशा घेऊन दस्त करायचा. त्यानंतर तहसीलमध्ये इंतकाल, म्हणजे आपला फेरफार. तो होईपर्यंत जमाबंदीत जुन्याच मालकाचं नाव असतं, म्हणून इंतकालाची प्रत हातात पडल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका.