पक्षाघातानंतरचे गृहपुनर्वसन

पक्षाघाताच्या, म्हणजे अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णाला घरीच, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली हालचाल, गिळणे, बोलणे व रोजचे व्यवहार पुन्हा शिकवण्याची पद्धत. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारा), वाचा-उपचारतज्ज्ञ व परिचारिका हे तिचे मुख्य घटक. महाराष्ट्रातील शहरांत सेवक पुरवणाऱ्या ब्यूरोकडून येणारी ‘मावशी’ किंवा ‘ब्रदर’ दिवसभराची शुश्रूषा सांभाळतात.

झटक्यात मृत झालेला मेंदूचा भाग पुन्हा जिवंत होत नाही; सरावाने इतर भाग त्याचे काम उचलू लागतात. सुधारणेचा वेग पहिल्या ३ महिन्यांत सर्वाधिक असतो, ६ महिन्यांनंतर मंदावतो, पण सुधारणा थांबतेच असे नाही. या काळात पारव्याचे रक्त चोळण्यासारख्या उपायांत दिवस घालवणारी घरे अजूनही आहेत. त्याचा काहीही उपयोग होत नाही.

थेरपिस्ट येतो तासभर, उरलेला दिवस घरच्यांचा. म्हणून त्यांना शिकवणे हे त्याचे निम्मे काम. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला आधी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा. उठवताना लुळा हात धरून ओढायचे नाही; खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असल्याने सांधा निसटतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते.

पाणी पाजणे सर्वांत सोपे वाटते, प्रत्यक्षात तेच जोखमीचे. गिळण्याची क्रिया बिघडलेली असताना पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो व न्यूमोनिया होतो. ठसका लागलाच नाही, तरीही. म्हणून रुग्णाला ताठ बसवून, तज्ज्ञाने ठरवून दिलेल्या दाटपणाचे अन्न द्यावे व जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये.

सगळे घरच्यांवर सोपवून भागते का? भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत (२०१७) सुमारे निम्म्या रुग्णांच्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले गेले; ६ महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबन यांत ते व उरलेले रुग्ण यांच्यात फरक दिसला नाही. उलट ब्रिटन व स्कँडिनेव्हियात सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्यांना लवकर घरी सोडून तज्ज्ञांचे पथक दारी पाठवल्यावर परावलंबन घटले. माया पुरेशी नाही, हा त्यातला रोकडा अर्थ.

घरातही बदल लागतात : सरकणारी पायपुसणी उचलणे, कमोडची खुर्ची, न्हाणीघरात धरायला दांडा.

वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडणे, बहुधा डाव्या मेंदूला इजा झाल्यास होतो. ‘पाणी’ हा शब्द न सापडणारा रुग्ण कधी कधी आरती मात्र न अडखळता म्हणतो, आणि घरच्यांना तो सोंग करतोय असे वाटते. तसे नसते, पाठ असलेले, चालीतले शब्द अनेकदा शाबूत राहतात. १९७३ मध्ये मांडलेली मेलॉडिक इंटोनेशन थेरपी याचाच उपयोग करते : ‘पाणी दे’ आधी गुणगुणून घ्यायचे, डाव्या हातावर ताल धरायचा, मग चाल हळूहळू काढून घ्यायची.